चंद्रावरचा टॉवेल

मुलगी बघायला राणीसावरगावला निघालो, तेव्हा मावसांनी गाडीतच ताकीद दिली, "पोरीचे वडील काय बी बोलू देत, तू निस्ती मान डोलवायची." याआधीची दोन स्थळं माझ्या तोंडानं घालवली होती, हे ते विसरले नव्हते.

मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली. माझ्या हातातून चमचा पडला, ती गालात हसली आणि मी तिथंच विरघळलो. आता हे लग्न जमायलाच हवं होतं!

तेवढ्यात तिच्या वडिलांनी विचारलं, "शाळेत काय शिकवता?"

"विज्ञान."

"मंग सांगा, चंद्रावर माणूस गेला, हे खरं का?"

मावसांनी माझा पाय दाबला.

"गेला की," मी म्हणालो.

"साफ झूट! मोबाइलवर बघितलंय मी. तिथं हवाच न्हाई, मंग झेंडा कसा हलायलाय?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. झेंड्याला वरून आडवी दांडी होती, म्हणून तो ताठ होता. रोवताना हिसका बसला, म्हणून हलला. आणि थांबवायला हवा नव्हती, म्हणून हलतच राहिला. एवढं समजावलं, पण ते काही ऐकेनात. कोपऱ्यात छत्री होती, बाजेवरच्या ताटात घडी घातलेला पांढरा टॉवेल होता. मी उठलो, टॉवेल उचलून आडव्या धरलेल्या छत्रीवर टाकला आणि भर बैठकीत चंद्रावरचा झेंडा गदागदा हलवून दाखवला.

मग दाराआडच्या बायका खुदखुदू लागल्या. मावसांनी कपाळाला हात लावला. तेव्हा कुठं मला ताटातली टोपी आणि नारळ दिसला. आमच्याकडं स्थळ पसंत पडलं, की मुलीकडचे नवरदेवाला टॉवेल-टोपी देतात. मी पठ्ठ्यानं कुणी द्यायच्या आतच टॉवेल उचलला होता.

"चंद्राचं राहू द्या," वडील म्हणाले. "टॉवेल उचलला म्हंजे तुमची पसंती झाली. आमच्या पोरीचं काय, ते तिलाच इचारू."

सगळे तिच्याकडं बघू लागले. टॉवेल परत ठेवावा की धरून राहावं, मला कळेना. जीव नुसता टांगणीला लागला होता.

ती वडिलांकडं बघून म्हणाली, "राहू द्या त्यांच्याकडंच. तुमच्याशी एकटीनं भांडून लय थकले मी, बाबा."