स्नेहलची शुगर आणि माझी रिकामी मांडी

बायांनो, आज मी तासभर आजी झाले. जळू नका.

शेजारची स्नेहल आयटीत हाय. पोटुशी असताना तिला शुगर निघाली होती, बाळंतपणानंतर गेली. तरी दवाखान्यातून निरोप आला की अशा आयांसाठी वर्ग हाय, पुढं डायबेटीस होऊ नये म्हणून. खाणं, चालणं, तपासणी, सगळं सांगतात.

सकाळी तिच्याकडं गेले तर बाई डिंकाचा लाडू खात बसलेली.

"अगं, पोरगी रांगायला लागली, तुझं बाळंतपण कधी संपायचं?"

"सासूबाई पाठवतात हो काकू. आणि शुगर गेली ना माझी!"

"आमचे मालक पण असंच म्हणायचे, शुगर गेली. शेवटी तेच गेले."

ती हसली, मग तिनं लाडू खाली ठेवला. हळूच म्हणाली, "जायचंय हो. पण हिला कोण धरणार?"

"मी काय शोभेला हाय?"

ती वर्गात बसली, मी बाहेर बाकावर. पोरगी माझ्या मांडीवर झोपली. नर्सताईंनी विचारलं, "नात का?" मी बेधडक "हो" म्हणाले. माझी खरी नात परदेशात, फोनवरच दिसते.

आता घरात एकटा टीव्ही बोलतोय. साडीला दुधाचा वास लागलाय, म्हणून अजून बदलली नाही.

पुढच्या मंगळवारीही वर्ग हाय. बाळ धरायला माणूस नाही म्हणून तुमच्यातली कुणी जात नसंल, तर खाली लिहा. माझ्या मांडीवर अजून एकाची जागा हाय.