तुमचं माणूस

आमच्या प्रौढ शिक्षण केंद्रात त्यांना सगळे 'कडक' म्हणत. वय चौपन्न, अंगाने काडीपैलवान, पण शर्टाची इस्त्री अशी की कॉलरला बोट लावायची भीती वाटावी. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात ते एकतीस वर्षं चादरींना इस्त्री करत होते. आता तिथे नवी मशीन्स येणार होती आणि ती चालवायला मूलभूत गणिताचा दाखला हवा होता. दाखला नसेल त्याने घरी बसायचं, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. आईचं आजारपण काढता काढता लग्न राहून गेलं, आणि सहा वर्षांपूर्वी आईही गेली.

मी केंद्राची कारकून. फॉर्म भरून घ्यायचे, हजेरीपट सांभाळायचा आणि निकाल बोर्डावर लावायचा, ही माझी बावीस वर्षांची कर्तबगारी.

त्या वर्षी माणसांच्या सवयींचा अभ्यास करणारी दोन तज्ज्ञ मंडळी आमच्याकडे आली. मोठी माणसं हौसेने नाव घालतात आणि महिन्याभरात गळतात, हे आम्हाला ठाऊक होतंच. ही मंडळी म्हणाली, तास वाढवू नका, त्यांना कोणीतरी विचारेल असं करा. म्हणून फॉर्मवर नवा रकाना आला: 'विचारणाऱ्या व्यक्तीचा नंबर'. दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला त्या नंबरवर मेसेज जायचा. 'तुमचं माणूस या आठवड्यात अपूर्णांक शिकलं. त्याला विचारा, अर्ध्याचं अर्धं किती?' एवढंच. मला हा पोरखेळ वाटला. एवढी शिकलेली माणसं, आणि शोध काय लावला, तर घरच्यांनी चौकशी करावी! पण बायको नवऱ्याला विचारू लागली, लेक आईला विचारू लागली आणि हजेरी वाढली, हेही खरं.

कडक तर एकही दिवस चुकवत नव्हते.

मग एकदा कॉम्प्युटरने त्यांच्या नावापुढे लाल खूण दाखवली. विद्यार्थ्याचा नंबर आणि विचारणाऱ्याचा नंबर एकच होता. मी त्यांना खिडकीशी बोलावलं.

"अहो, इथे दुसऱ्या कोणाचा तरी नंबर लिहायचा असतो."

"माहितीये मॅडम."

"मग?"

"मला कोण विचारतंय?" ते हसले. "म्हणून मीच विचारतो. मेसेज आला की मोठ्याने वाचतो, मग उत्तर देतो. चुकलं तर स्वतःलाच चार शब्द सुनावतो."

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मीही हसले. आणि नियम म्हणजे नियम, म्हणून त्यांच्यासमोरच तो नंबर काढून टाकला. वर "कोणी मिळालं की सांगा," असंही म्हणाले. ते वाक्य आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

त्या बुधवारी मेसेज गेला नाही. पुढच्या सोमवारी ते आले नाहीत, मंगळवारी नाहीत, त्याच्या पुढचा आठवडाही तसाच गेला. सलग तीन आठवडे गैरहजर राहिलं की परीक्षेला बसू देत नसत, आणि दोन तर झालेच होते. हजेरीपटावर फुल्या मारताना मला कळत होतं की या माणसाच्या पोटावर मीच पाय दिलाय. गणित त्यांना येत होतं. त्या खोलीत आठवड्यातून एकदा कोणीतरी विचारायचं, तेवढं मी बंद केलं होतं.

कर्मचाऱ्यांनी आपला नंबर द्यायचा नाही, असाही एक नियम होता. मी त्या रकान्यात माझा नंबर घातला.

बुधवारी मेसेज आला तेव्हा मी भाजी चिरत होते. 'तुमचं माणूस' एवढे दोनच शब्द वाचले आणि सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझ्याही घरी एकच ताट लागतं. विषय टक्केवारीचा होता. मेसेजमधला प्रश्न शाळेतल्या मुलांचा होता, तो मी बदलला आणि फोन लावला.

"दोनशे चादरींतल्या तीस फाटल्या, तर किती टक्के फाटल्या?"

 "कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

"विचारणारी. उत्तर द्या."

"पंधरा," ते म्हणाले. "पण मॅडम, आमच्याकडे एवढ्या फाटत नाहीत हो."

"उद्या वर्गाला या."

आले.

मग दर बुधवारी फोन. कधी गुणोत्तर, कधी वजनं-मापं. पाच मिनिटांच्या वर बोलणं कधी गेलं नाही. गणित संपलं की पुढे काय बोलावं हे दोघांनाही सुचायचं नाही, आणि फोन ठेवल्यावर घर जास्तच रिकामं वाटायचं. केंद्रात समोरासमोर आलो तर ते नुसती मान हलवत, मीही हलवत असे.

निकालाच्या दिवशी यादी मीच टाईप केली, मीच बोर्डावर लावली. दुपारी सगळे जमले. नाव सापडलं की जो तो फोन काढून कोपरा गाठत होता. कोणी घरी ओरडून सांगत होतं, कोणी रडत होतं. कडक यादीवर बोट फिरवत राहिले, मग बाजूला होऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझ्या टेबलावरचा मोबाईल वाजला. आमच्या मधे एक काच होती आणि फार तर दहा पावलं.

"मॅडम, पास झालो."

काचेवर टकटक करून त्यांना आत बोलावता आलं असतं. मला ते करावंसं वाटलं नाही.

"किती मार्क पडले?" मी विचारलं.

"बावन्न. चाळीसला पास होतं."

"म्हणजे बारा जास्तच."

"हो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "ठेवतो मग. ड्यूटी आहे."

ते फाटकातून बाहेर पडले. कोर्स संपला, तसे मेसेजही बंद झाले. पुढच्या बुधवारी साडेसातला मी फोन हातात घेतला. विचारायला एकही गणित नव्हतं, म्हणून खाली ठेवला.