नायिका मेल्याशिवाय कादंबरी संपत नाही

साहित्यावर बोलायला आठवड्यातून एकदा चार पुरुष जमले की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. महाडला आमचं वाचक मंडळ होतं ना, तिथले सांगते. बायका दोनच, मी आणि शालिनी. दोघीही मुलींच्या शाळेत शिकवायला.

मंडळातल्या इब्राहिमसरांना अरबी यायचं; त्यांचा भाऊ बोटीवर होता. तो नव्या अरबी कादंबऱ्या आणायचा आणि सर दर रविवारी त्या आम्हाला मराठीत सांगायचे. पहिल्या कादंबरीतला नायक इंजिनीयर. धरण बांधतो, भाषणं ठोकतो, तुरुंगात जातो. नायिकेचे डोळे वर्णून झाले, मान झाली, कंबर झाली. शालिनीनं विचारलं, "सर, ही दिवसभर करते काय?"

सरांनी पुढची पानं चाळली. "सध्या खिडकीत उभी आहे."

पुढच्या रविवारी तेच. "अजून खिडकीतच!"

नाजूक प्रसंग आला की हेडमास्तर खाकरायचे. "भगिनींनी जरा चहाचं बघावं!" एकदा स्टोव्ह लवकर पेटेना. चहा घेऊन आलो तर नायिकेचं लग्न होऊन दोन मुलं झालेली! मध्ये काय घडलं, आम्हाला आजतागायत माहीत नाही.

कादंबरी कुठलीही असो, शेवटी नायिका मरायचीच, बऱ्याचदा नदीत. एक जण तर गच्चीवर परक्या माणसाशी हसली, तेवढ्यावरून जिवानिशी गेली. मंडळ हळहळलं, "काय अटळ शेवट आहे!" मी म्हटलं, एखादीला जगवायला काय हरकत होती? मंडळातले पाचाडचे भाऊ, भातशेतीवाले, भला माणूस. मन लावून ऐकायचे. ते म्हणाले, "अवो बाई, ती मेली नाय तर कादंबरी संपनार कशी?"

प्रामाणिक प्रश्न होता हो!

हेडमास्तरांना अरबांची कीव यायची. "आपल्याकडे स्त्रीला केवढा मान!" असं म्हणून त्यांनी स्वतःची नवी कथा वाचली. नायिकेनं शेवटी आमच्या सावित्री नदीत उडी घेतली.

"नदी तेवढी बदलली," शालिनी माझ्या कानात म्हणाली. दोघीही हसलो.

मग शालिनीनं आयुष्यातली पहिली कथा लिहिली. ती जशीच्या तशी मंडळाच्या हस्तलिखित वार्षिकात यावी, एवढीच तिची इच्छा. कथेत पोलादपूरचं जोडपं. नवरा ओटीवर शेजारणीशी हसतो आणि शेवटच्या पानावर मरतो. तिनं वाचून दाखवली. चहा गार झाला.

"वहिनी, एवढ्याशा हसण्यावरून माणूस मारलात?" हेडमास्तर.

भाऊ तर कळवळले. "बिचाऱ्याचा गुन्हा काय हाय वो?"

इब्राहिमसर आपलं पुस्तक मिटून बसले.

तरी कथा घ्यायचं ठरलं. शालिनी त्या दिवसांत किती खुशीत होती! वार्षिकाची एकच प्रत निघायची, ती वर्षभर घरोघर फिरायची. सगळा अंक वळणदार अक्षरात लिहून काढायचं काम चिटणीसाचं, म्हणजे शालिनीच्याच नवऱ्याचं. पाडव्याला अंक आला. तिनं उभ्या उभ्या आपली कथा काढली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते.

नवरा ओटीवर हसत होता, अगदी शेवटपर्यंत. बायको विहिरीत.

तेवढ्यात तिचा नवरा हौसेनं जवळ आला.

"शेवट तेवढा सुधारला गं," तो म्हणाला. "काल मंडळींना वाचून दाखवला, तर सगळे रडले!"