वच्छलाकाकूंच्या वावरातला रोही

काल मारेगावच्या रस्त्यावर कापसाने भरलेली गाडी पुढे चालली होती. ताज्या कापसाचा उबट वास नाकात शिरला आणि मी थेट वच्छलाकाकूंच्या वावरात जाऊन पोचलो.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. शहरातले कॅमेरेवाले यायचे आणि गावातले दुःखी चेहरे टिपून जायचे. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून काकू धुऱ्यावरूनच, म्हणजे शेताच्या बांधावरूनच, ओरडल्या, "मी काही रडणार नाही, भाऊ!"

"मला रोही पाहिजे, काकू. उगवत्या सूर्यासमोर उभा असलेला."

त्या खो खो हसल्या. "आमचं पीक खाते तो, अन् तुमी त्याचा फोटो काढता?"

तेवढ्यात तो आलाच. चांगला दांडगा नीलगायीचा नर, आणि सूर्य नेमका त्याच्या पाठीमागे. अंग काळंभोर दिसत होतं, पण कानांच्या आणि मानेच्या कडेने सोनेरी रेघ उमटली होती. नाकातली वाफसुद्धा पेटल्यासारखी वाटत होती. त्याने हिरव्या बोंडांना तोंड लावलं, तशी काकूंनी गोफण उचलली.

"एक मिनिट, काकू!"

त्यांचा हात हवेतच थांबला. आज कळतं, ते मिनिट त्यांनी मला आपल्या पिकातून काढून दिलं होतं.

"झालं का? खाऊन राह्यला ना तो!"

"झालं!"

मग त्यांनी अशी आरोळी ठोकली, की रोह्याबरोबर मीही उडालो.

पुढे फोटो द्यायला गेलो, तेव्हा काका वैतागले. "चोराले भिंतीवर लावतं काय?"

"लावीन ना," काकू म्हणाल्या. "आपलं वावर इतकं साजरं हाय, हे मले कोणी सांगतलंच नव्हतं."