मोहाच्या झाडावरची गेरूची खूण

साडेनऊ वाजून गेले तरी एकही घोडा आला नव्हता. शाळेच्या मैदानात पाण्याचे ड्रम भरून तयार, गवताचे भारे तयार, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून मीही तयार. हिशेबाने पहिला घोडा साडेआठलाच यायला हवा होता.

"डॉक्टर, घोडे कुठं आहेत?" कलेक्टर साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"येतील, सर."

दुसरं काय सांगणार? मी मूल गावच्या जनावरांच्या दवाखान्याचा डॉक्टर. बारा वर्षं गाई-म्हशींची बाळंतपणं करत होतो. घोडे म्हणजे लग्नाच्या वरातीतले आणि टांग्याचे, तेवढाच संबंध. पण साहेबांच्या डोक्यात आलं की आपल्या जंगलातून लांब पल्ल्याची घोडदौड करायची. मूलहून निघायचं आणि वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली गाठायची. साठ किलोमीटर. जिल्ह्याचं नाव होईल, पर्यटक येतील. घोड्यांचं काम म्हणून फाइल माझ्याकडे आली. मग रस्ताही मीच ठरवायचा, खुणाही मीच करायच्या, घोडेही मीच तपासायचे. तीन आठवडे नीट झोप नव्हती. खरं सांगतो, त्या दिवशी मला घोड्यांपेक्षा खाटेची ओढ जास्त होती.

लांब पल्ल्याच्या दौडीत नुसतं आधी पोचून भागत नाही. मध्ये एक थांबा असतो, आमचा या शाळेत होता; तिथे डॉक्टर घोड्याला तपासतो. आल्यापासून अर्ध्या तासात त्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या आत आले पाहिजेत. नाही आले, तर घोडा बाद. तो कितीही पुढे असो आणि मालक कोणीही असो. घोड्याला 'मी थकलो' असं सांगता येत नाही, म्हणून हा नियम.

सात घोडे सुटले होते. पोलिसांचे आणि नागपूरच्या एका क्लबचे मिळून सहा. सातवी होती मैना, बल्लारपूरच्या रहमतभाईंची टांग्याची घोडी. स्टेशनबाहेर ऑटो आल्यापासून टांग्यात कोणी बसेना. मैनेला विकायची वेळ आली होती, आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या टांग्याच्या घोडीला गिऱ्हाईक कसलं मिळतं ते रहमतभाईंना ठाऊक होतं. साहेबांनी जाहीर केलं होतं की जंगलाच्या तोंडाशी घोडेस्वारीचं केंद्र निघणार आणि जिंकणारा घोडा मालकासकट तिथे राहणार. दाणापाणी सरकारी. रहमतभाई त्याच्यासाठी आले होते. पन्नाशीचा माणूस, उधारीचं खोगीर, पायात रबरी चप्पल.

दहाच्या सुमारास सहा घोडे आले, पण जंगलातून नाही, डांबरी रस्त्याने, वरातीसारखे घोळक्याने. "फाट्यावर खूणच नाही," एक पोलीस जमादार म्हणाला. "आम्ही थोडं आत जाऊन परत फिरलो. मग गुराख्याला विचारून सडकेनं आलो."

"आणि टांगेवाला?"

"तो आमच्या खूप पुढं होता. त्याचं काय माहीत नाही."

 घोडे तपासायचं काम जोडीदार डॉक्टरांवर सोपवलं, वनरक्षकाला जीपमध्ये घेतलं आणि निघालो. तीन किलोमीटरवर फाटा होता. एक वाट शाळेकडे वळते, दुसरी सरळ जुन्या कूपात जाते. कूप म्हणजे जंगलखात्याने लाकूडतोडीसाठी आखलेला तुकडा. फाट्यावरच्या मोहाच्या झाडावर आदल्या दिवशी मी स्वतःच्या हाताने गेरूचा लाल पट्टा मारला होता. आता तिथे शेण थापलं होतं. पुढच्या मोहावरही शेणच.

झाडाखाली एक म्हातारी काठी घेऊन बसली होती, पहाऱ्याला बसावं तशी. मनकाबाई तिचं नाव.

"बाई, हे कोणी पुसलं?"

"आमीच पुसलो. काऊन, अजून लावाले आले का?"

"अहो, घोड्यांसाठी खूण होती ती. वाट दाखवायला."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वनरक्षकाच्या खाकी कपड्यांकडे.

"घोड्याले वाचता येते का? काल हा शिपाई होता, तुमच्या हातात नकाशा होता, मांगं बादली होती. झाड तोडाचं असलं का असेच येतात नं तुमी? लाल पट्टा मारता, मंग कुऱ्हाडी येतात. हा मोह माह्या सासूचा. दोन हप्त्यांत फुलं पडाले लागतील. तोडू देऊ का?"

 जंगलखातं तोडायच्या झाडांवर पट्टा मारतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. नागपूरच्या क्लबवाल्यांनी रंगीत फिती बांधा म्हणून सांगितलं होतं. फिती गाई खातील म्हणून मी डोकं चालवलं. गेरूने झाडाला इजा होत नाही, आणि फाट्यावर उठून दिसणारं झाड म्हणजे मोह. दिवसभर त्या गावाच्या शिवारात हिंडलो, विहिरीवर पाणी प्यालो, पण काय करून राह्यलो ते एकाही माणसाला सांगितलं नाही. सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी दमलो होतो, बस.

आणि त्याहून वाईट आठवलं. सकाळी सगळ्यांना सूचना मीच दिली होती: "खूण दिसली नाही तर सरळ चालत राहा, पुढे सापडेल." बाकीच्यांनी ती कानाआड केली. रहमतभाईंनी पाळली.

मनकाबाई काठी टेकत कूपाच्या वाटेवर वाकली. "एकच घोडा गेला. नाल उमटली आहे. वापस नाई आला." तिनेच पुढे सांगितलं, "हा रस्ता नाल्यावर सरते. आठ किलोमीटर. नाल्यात पानी नाई आता." आणि न विचारता जीपमध्ये बसली.

दोनेक किलोमीटरवर ती दोघं परत येताना दिसली. रहमतभाई उतरून चालत होते, लगाम हातात. मैना मान खाली घालून मागे. अंगावरचा घाम वाळून मिठाचे पांढरे ओघळ पडले होते. सोळा किलोमीटरची फुकटची पायपीट होणार होती तिची. मी कॅनमधलं पाणी बादलीत ओतलं. दोन घोट पिऊन तिने तोंड फिरवलं.

"साहेब, निशान कुठंच नाई," रहमतभाई म्हणाले. "तुमी बोलले होते, सीधं चाला. मी सीधंच गेलो."

"इथेच थांबवू या," मी म्हणालो.

"नाई, नाई. शाळेपर्यंत पोचू द्या. मी बसत नाई तिच्यावर. पैदल आणतो."

हळूहळू चालवत आणली. शाळेत पोचायला पावणेबारा झाले. पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावला. ठोके शहाण्णव. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. म्हणजे अंगात पाणी उरलं नव्हतं. पोटाला कान दिला. घोड्याच्या पोटात सदा गुडगुड चालू असते. तिथे शांतता होती. ओली पोती घातली, सावलीत उभी केली. पंधरा मिनिटांनी चौऱ्याऐंशी. अर्ध्या तासाने शहात्तर.

साहेब मला बाजूला घेऊन गेले. "डॉक्टर, पेपरवाले आले आहेत. टांगेवाला बाकीच्यांच्या मागून येऊन जिंकला, तर केवढी बातमी होईल! शिवाय चूक त्याची नाही. थोडं सांभाळून घ्या."

चूक त्याची नव्हतीच, माझी होती. चौसष्ट लिहायला माझा हात शिवशिवत होता, तेही त्याच कारणाने. वाटलं, एवढं देणं लागतो मी या माणसाचं. पण तिला आणखी तीस किलोमीटर पळवली असती, तर ती पुलाच्या अलीकडेच पडली असती.

"अजून दहा मिनटं द्या, डॉक्टरसाहेब," रहमतभाईंनी हात जोडले. "पुरी जिंदगी थांबली नाई मैना."

"म्हणूनच, भाऊ. आता थांबू द्या तिला."

मैनेच्या तपासणीच्या कार्डावर 'बाद' लिहिलं. रहमतभाईंनी कार्ड घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "रस्ता तुमचा चुकला, साहेब. बाद मैना झाली."

 मी सलाइन लावलं. बाटली टांगायला काही मिळेना, तेव्हा मनकाबाईने ती घेतली आणि हात उंच करून उभी राहिली. चौथ्या बाटलीनंतर मैनेच्या पोटात गुडगुड ऐकू आली, तेव्हा मी शाळेच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर. मनकाबाई म्हणाली, "पह्यले सांगतले असते नं बा, तर आमची पोरंच फाट्यावर उभी राह्यली असती. एवढा गेरू काऊन उगाळला?"

अहवालात साहेबांना 'स्वार वाट चुकल्याने बाद' असं हवं होतं. मी 'मार्गावरील खुणा चुकीच्या पद्धतीने केल्याने' असं लिहिलं, खाली सही केली. साहेब दोन महिने बोलले नाहीत. दौड पुन्हा झाली नाही. जिंकणारा पोलिसाचा घोडा आपल्या तबेल्यात परत गेला, कारण ते घोडेस्वारीचं केंद्र काही निघालंच नाही. रहमतभाईंनी मैनेला विकलं नाही. सकाळी शाळेची पोरं पोचवायची, दिवसा बाजाराच्या गोण्या वाहायच्या, असं करून त्यांनी पुढची चार वर्षं टांगा ओढून नेला.

कामानिमित्त बल्लारपूरला उतरलो की मी ऑटोवाल्यांना ओलांडून त्यांच्याच टांग्यात बसायचो. ते एका शब्दाने मागचं काढायचे नाहीत. फक्त पहिला चौक आला की लगाम खेचायचे. ज्या गावात जन्म गेला, त्या गावच्या चौकात मैनेला उभी करून, मागे वळून, अगदी गंभीरपणे विचारायचे, "डॉक्टरसाहेब, निशान दिसून नाई राह्यलं. सीधं जाऊ का?"

"नाही, भाऊ," मी म्हणायचो. "आधी कोणाला तरी विचारा."