पळीबाईंचा बुधवार

पळीबाईंनी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. त्यांनी पळी एकदा बुडवली की बरोबर दीडशे मिली सूप वर यायचं, थेंबाचाही फरक नाही. एकदा एका नव्या डॉक्टरीणबाईंना संशय आला, तर त्या मोजायचं भांडं घेऊन आल्या. ओतलं, पाहिलं आणि मुकाट्याने परत गेल्या. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं.

कुठल्या खाटेला मीठ बंद, कुठल्या खाटेला तेल बंद, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. घरीही तोच कारभार. नवऱ्याला पित्त, म्हणून मिरपूड हद्दपार. मुलाला करपलेला टोस्ट चालायचा नाही. अंड्याचा बलक जरा कच्चा राहिला की सासूबाई ताट सरकवायच्या. नवरा गेला, सासूबाई गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण घराचं पथ्य काही सुटलं नाही.

निवृत्त झाल्यावर महिन्याभराने, एका बुधवारी, त्या चष्म्याची काडी बसवून घेऊन परत येत होत्या. कोपऱ्यावरच्या सहा टेबलांच्या हॉटेलातून भाजलेल्या पावाचा वास आला आणि पाय आपोआप आत वळले. मालकीण स्वतःच पेन्सिल घेऊन समोर उभी राहिली.

"काय आणू?"

"काहीही चालेल."

"काहीही संपलं. दुसरं काय देऊ?"

पळीबाई हसल्या. मग हसू विरलं. खरंच, काय? शंभर खाटांची पथ्यं तोंडपाठ, आणि स्वतःची पाटी कोरी!

शोधायला चार बुधवार लागले. टोमॅटोचं सूप, पण वर नाकातून पाणी येईल इतकी मिरपूड. टोस्ट कडांना काळा झालेला. आणि अंडं असं, की काटा लावताच बलक टोस्टवर ओघळला पाहिजे. पाचव्या बुधवारी त्या दारात दिसताच मालकीण आत ओरडली, "बाईंचं नेहमीचं!" खिडकीजवळच्या खुर्चीत बसताना पळीबाईंची मान चांगली वीतभर उंच झाली होती.

आठ महिने हे बिनबोभाट चाललं. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना काचेतून पाहिलं आणि जिन्यात सुनेला गाठलं. "तुमच्या सासूबाई हॉटेलात एकट्याच जेवत होत्या हो. घरी सगळं ठीक आहे ना?"

संध्याकाळी मुलाने विषय काढला. "आई, हिने तुला काही कमी केलंय का?"

"छे रे."

"मग ते हॉटेल बंद कर. लोक हिच्या नावाने बोटं मोडतात."

"लोकांना म्हणावं तुम्हीही या. सूप चांगलं असतं तिथलं."

मुलाने कपाळाला हात लावला. स्वयंपाकघरातून सुनेच्या वतीने भांडी बोलली.

पळीबाईंना वाईट वाटलं ते सुनेसाठी. पोर गुणाची होती, आणि नाव तिचंच खराब होत होतं. बुधवार सोडून देणं सोपं होतं. पण मग पुन्हा 'काहीही'वर यावं लागलं असतं, आणि ते आता त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं.

पुढच्या बुधवारी शाळेच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून सून थेट हॉटेलात हजर झाली.

"आई, चला. मी घरी सूप करून ठेवलंय."

"मिरपूड घातलीस?"

"ह्यांना ठसका लागतो ना."

"बरं. बस."

"आई, सगळे बघतायत."

"उभी राहिलीस तर जास्त बघतील."

सून टेकली, खुर्चीच्या अगदी कडेला. मालकीण पेन्सिल घेऊन आली. "तुम्हाला काय?"

"मला काहीही."

मालकिणीने तोंड उघडायच्या आत पळीबाईच म्हणाल्या, "काहीही संपलं."

"चेष्टा नका करू. ह्यांना इथला ब्रेड आवडेल, तोच—"

"त्याला कुठे विचारलंय?"

"मग छोटीसाठी काहीतरी गोड बांधून—"

"नातीलाही नाही. तुला काय आवडतं?"

सुनेने मेनूचं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. पळीबाईंनी घाई केली नाही.

"खरवड," शेवटी ती म्हणाली. "भाताची. तळाला लागलेली, खरपूस. आम्ही बहिणी तिच्यावरून मारामाऱ्या करायचो."

"आपल्याकडे तर तू कधी खाल्ली नाहीस."

"आपल्याकडे भात लागला की मीच भांडं भिजत घालते. भात करपवला म्हणतील म्हणून."

मालकिणीने आत हाक दिली, "अहो, भाताची खरवड आहे का?"

"कोण मागतंय? ती माझी असते!" आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला.

"आज गिऱ्हाइकाची!"

बशीत तांबूस पापुद्रा आला, वर लोण्याचा गोळा. सुनेने तुकडा मोडला तो कडकन. तेवढ्यात काचेपलीकडे काकूंची पिशवी थबकली. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तुकडा निवांत चावला. पिशवी पुढे सरकली.

बशी चाटूनपुसून झाल्यावर ती म्हणाली, "आई, पुढच्या बुधवारी मीही येते."

"बुधवार माझा आहे. तू दुसरा वार बघ."

सून आधी चपापली, मग खुदकन हसली. खुर्चीत नीट मागे टेकून तिने बोटांवर आठवड्याचे वार मोजले. "मंगळवार जमेल."

"ऐकलंत का," मालकीण आत ओरडली, "मंगळवारी भाताचा तळ खरवडायचा नाही!"