लकी मून नावाचा खलाशी

२००२ च्या मार्चमध्ये अतुलला कंपनीने नोटीस दिली. मेअखेरपर्यंत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर व्हिसा संपणार आणि बोस्टनजवळचं अपार्टमेंट आवरून परत नागपूर. फोन वाजला की त्याची बायको शरयू हातातलं काम टाकून धावायची.

ती इतिहासाची एम.ए. होती, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणून नोकरीची परवानगी नाही. घरात जीव रमेना, तेव्हा ती बसने किनाऱ्यावरच्या एका छोट्या सागरी संग्रहालयात जाऊ लागली. तिथले जुने कागद वाचून कॉम्प्युटरवर उतरवायचे, बिनपगारी.

तिच्या वाट्याला ‘नॉर्थ विंड’ या जहाजाचे कागद आले. मूळचं हे जहाज इंग्रजांचं, मुंबईत सागवानात बांधलेलं. तेव्हा त्याचं नाव ‘ईस्टर्न होप’. १८१२ साली अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध पेटलं आणि लंडनला माल नेताना ते, वरच्या हिंदी खलाशांसकट, अमेरिकनांच्या हाती लागलं. कोर्टाने ते लिलावात विकलं. नव्या मालकाने नाव बदललं, बारा तोफा चढवल्या आणि सरकारी परवाना काढून त्याच जहाजाने इंग्रजांची व्यापारी जहाजं लुटायला सुरुवात केली. दोन वर्षांत सहा पकडली. तह झाल्यावर तोफा उतरल्या आणि खारवलेले मासे, साखर असा माल वाहत ते पार हिंदी महासागरापर्यंत जाऊ लागलं.

मे महिन्यात त्याचं प्रदर्शन होतं. संचालिका कॅरल यांनी फलकाचा मजकूर तयार ठेवला होता: ‘पकडलेल्या हिंदी खलाशांना मायदेशी पाठवण्यात आलं.’

एप्रिलमध्ये शरयूच्या हाती त्या खलाशांच्या कोर्टातल्या जबान्या लागल्या. एकीखाली कारकुनाने ‘लकमन’ लिहिलं होतं आणि सहीच्या जागी एक वेटोळं होतं. संग्रहालयाच्या यादीत त्याची नोंद ‘निरर्थक खूण’ अशी. शरयूने भिंग धरून ते नीट पाहिलं. ती मोडी होती. ‘लक्षुमण’.

तेच वेटोळं तिला पुढच्या वर्षीच्या नोंदवहीत दिसलं, तोफा चढवलेल्या जहाजावर. नाव ‘लकी मून’. त्या नावाला सगळे व्हॉलंटियर हसायचे. म्हणजे हा माणूस घरी गेलाच नव्हता! ज्या जहाजांवर कदाचित त्याच्याच किनाऱ्यावरची माणसं राबत होती, तीच लुटायला त्याला नेलं होतं. राजीखुशीने की जबरदस्तीने?

आठवडाभर तिने दोन्ही सह्या पुन्हापुन्हा ताडून पाहिल्या. शेवटी अतुलला सांगितलं.

“आत्ता नको ना यार,” तो म्हणाला. “पुढेमागे तुला नोकरीसाठी कॅरलचं शिफारसपत्र लागलं तर? उगाच कशाला वाईट व्हायचं?”

“आणि फलकावर खोटं राहू दे?”

“आपलंच इथे राहणं धड नाही, शरयू.”

त्या रात्री तिला झोप लागेना. सोमवारी ती थेट कॅरल यांच्या टेबलापाशी उभी राहिली. 

“फलक चुकलाय,” ती म्हणाली.

“तो छपाईला गेलाय. तुला खात्री आहे?”

शरयूने कोऱ्या कागदावर मोडीत ते नाव लिहिलं आणि दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. कॅरल यांनी बराच वेळ तिन्ही कागद न्याहाळले. मग छापखान्याला फोन लावून फलक थांबवायला सांगितलं. या रागावल्या की काय, असं वाटून शरयू सॉरी म्हणू लागली.

“सॉरी म्हणू नकोस,” फोन ठेवून त्या म्हणाल्या. “पुढे काय झालं त्याचं?”

मग दोघींनी मिळून शोधलं. तह झाल्यावरही चार वर्षं तो त्याच जहाजावर होता. शेवटची नोंद १८१९ ची: ‘लकी मून, मॉरिशसला उतरला.’ पुढच्याच वर्षी जहाज खडकावर आपटून फुटलं.

प्रदर्शन लागलं ते लक्षुमणच्या नावासकट. अतुलला मिनेसोटात, ईडन प्रेरीला नोकरी मिळाली, तीही मे संपायला चार दिवस उरले असताना. तिथून शरयूने मॉरिशसच्या दफ्तरखान्याला तीन पत्रं पाठवली. २००५ मध्ये उत्तर आलं: अशा नावाची नोंद नाही. तो मुंबईचं जहाज पकडून घरी पोचला, की तिथेच उसाच्या शेतात अडकला, कोण सांगणार?

२००७ मध्ये ग्रीन कार्ड आलं आणि तिला एका ग्रंथालयात पगारी काम मिळालं. जुनी हस्तलिखितं वाचण्याचं.